कोणते पवार?

एसटीत वाहक म्हणून रुजू झाले तेव्हा एका जुन्या कंडक्टरनं मला पहिली गोष्ट बजावली ती ही, की तिकीट काढताना माणूस बघायचा नाही, सीट बघायची. ड्रायव्हरच्या मागच्या सीटपासून धरायचं ते शेवटच्या लांब बाकड्यापर्यंत, मधली एकही जागा गाळायची नाही. सीटवर सरपंच असो, हेडमास्तर असोत की आपल्याच सासरचं कोणी असो. मी कारंजा डेपोची. कारंजा-मंगरूळपीर-वाशिम, कारंजा-मानोरा, शेलूबाजार, कधी पोहरादेवी, अशा रस्त्यांवर माझी आजवरची नोकरी झाली. माणसाला न्यायानं वागवावं कसं, यावर भाषणं पुष्कळ ऐकली, पण या नियमाइतकं नेमकं काही ऐकलं नाही.

त्यामागचा हिशेब सांगते. समजा, मी ठरवलं की सगळ्यांना कशाला विचारत बसायचं, संशय येईल त्यालाच विचारू. संशय कोणाचा येतो? मळकं लुगडं, डोक्यावर बोचकं, कडेवर शेंबडं पोर. पन्नास माणसांच्या गाडीत अशी पाच असली आणि त्यातलं एक विनातिकीट निघालं, की मी लगेच म्हणणार, 'बघा, म्हटलं नव्हतं?' उरलेल्या पंचेचाळिसांत तीन-चार फुकटे होतेच. इस्त्रीचे कपडे घातलेले ते लोक आपापल्या फाट्यावर निवांत उतरून गेले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बोचकेवालीलाच गाठणार, पुन्हा एखादी सापडणार. असं वर्षभर चाललं की माझ्याकडे 'अनुभव' जमा होतो, आणि अनुभवी माणसाला कोण खोटं पाडणार? इस्त्रीवाल्यांना मी कधी विचारलंच नव्हतं, ही गोष्ट त्या अनुभवात कुठेच दिसत नाही.

'अमक्या जातीचे लोक असलेच', 'तमक्या गावचे तसलेच' ही आपली मतं बहुतेक वेळा याच रीतीनं तयार होतात. आपण एका बाजूलाच शोधतो आणि तिथे जे सापडतं तेवढंच मोजतो. वर मनाची आणखी एक खोड असते. अंदाज बरोबर निघाला तर तो वर्षानुवर्षं लक्षात राहतो, चुकला तर संध्याकाळपर्यंत विसरतो.

आमच्या भागात याचा सगळ्यात मोठा मार पडतो तो फासेपारध्यांवर. अकोला, अमरावती, वाशिम या जिल्ह्यांत त्यांचे बेडे आहेत, गावापासून जरा लांब, बहुधा पडीक जमिनीच्या कडेला. पारधी बाई गाडीत चढली की काय होतं ते मी इतक्यांदा पाहिलंय की डोळे मिटून सांगू शकेन. खिडकीजवळच्या बाया पिशवी मांडीवर ओढतात. शेजारची सीट रिकामी असूनही 'माणूस येऊन रायला' असं तिला सांगतात. ती कोणाशी वाद घालत नाही, मागे जाऊन मुकाट उभी राहते. आणि तिकीट! बाकीचे प्रवासी तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खुपसतात, कानावर ठेवतात, निम्मे तर पायाखाली टाकतात. ती मात्र तिकीट मुठीत धरून ठेवते, उतरून रस्त्याला लागेपर्यंत.

बाजाराच्या दिवशीची एक फेरी सांगते. गाडी ठेचून भरलेली. मधेच एका बाईनं किंकाळी फोडली, पाकीट गेलं. घरात लग्न होतं, खरेदीचे पैसे होते त्यात, तिच्या रडण्यात खोट नव्हती. दोन मिनिटांत सगळी गाडी मागे वळली. मागे एक पारधी बाई लेकराला घेऊन उभी होती.

'थे चढली तवाच मले वाटलं होतं.'

'तिचं बोचकं पाहा ना बाई, आमाले काहून उशीर करता?'

मी म्हटलं, झडती झाली तर सगळ्यांची होईल, माझ्या कॅशबॅगसकट. डबल बेल दिली आणि गाडी थेट पोलीस ठाण्यात न्यायला लावली. कुरकुर खूप झाली. एकाला कोर्टाची तारीख होती, एकीची जोडगाडी चुकणार होती. ठाण्यात सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या, बायांची झडती महिला शिपायांनी घेतली. पाकीट कोणाकडेच निघालं नाही, आणि ते आजतागायत मिळालेलं नाही. एखाद्या गोष्टीत ते सीटखाली सापडलं असतं आणि सगळे खजील झाले असते. इथे लोक परत गाडीत बसले आणि एक जण शांतपणे म्हणाला, 'खिडकीतून फेकून देल्लं असंन. खाली तिचा माणूस उभा असंन.' पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. तिच्याकडे काही न सापडणं हाच तिच्या हुशारीचा पुरावा झाला.

दुसऱ्या एका गाडीत, पुढे कधीतरी, काठापदराची साडी आणि हातात पर्स असलेली बाई दुसरीच्या गळ्यातली पोत तोडताना प्रवाशांनी रंगेहाथ धरली. तिला ठाण्यात दिली. पण काठापदरवाल्या बायांपासून सावध राहा, असं त्यानंतर मला कोणी सांगितलं नाही. तिचा गुन्हा तिच्या एकटीचाच राहिला.

आता कोणी म्हणेल, मग पारध्यांत चोर नाहीतच का? आहेत की. जिथे जमीन नाही, जातीचा दाखला मिळायला पिढी जाते, कामावर कोणी ठेवत नाही, तिथे काही जण त्या वाटेला जातात. त्यांना पकडावं, शिक्षा करावी. माझं म्हणणं केलेल्या कामापुरतं आहे. ज्यानं केलं त्याला धरा.

हा शिक्का गावकऱ्यांच्या मनात आपोआप उगवलेला नाही. त्याला तारीख आहे. १२ ऑक्टोबर १८७१ रोजी इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. तर्क असा की हिंदुस्थानात सुताराचा पोर सुतार होतो, लोहाराचा लोहार, तेव्हा चोरांचीही जात असणार आणि त्यांची पोरं चोरच होणार. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ मध्ये सगळ्या ब्रिटिश मुलखासाठी झाला. (वऱ्हाड, म्हणजे आमचा भागही, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता.) ज्या जमातीचं नाव यादीत चढलं, तिच्या माणसांची नोंद व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे. ठरलेल्या वेळी हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. काहींना तर तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत ठेवत. सोलापूरची अशी वसाहत प्रसिद्ध आहे. चोरी केली की नाही हा प्रश्नच नव्हता. पाळण्यातलं लेकरूसुद्धा संशयित.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. हे लोक त्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटले. भटके-विमुक्त ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो म्हणून. पण कायदा गेला तरी त्या कायद्यानं शिकवलेली कामाची पद्धत कशी जाणार? सवयीच्या गुन्हेगारांसाठी राज्यांनी वेगळे कायदे केले, आणि कुठे घरफोडी झाली की आधी बेड्यावर जायचं ही रीत चालू राहिली. इथे माझा तिकिटांचा हिशेब पुन्हा लागू पडतो. दर वेळी त्याच वस्तीतली माणसं उचलली, तर रेकॉर्डवर नावं त्याच वस्तीतली जमणार. मग ते रेकॉर्ड बघून पुढच्या वेळी पुन्हा तिथेच जाणार.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावं आहेत. त्यात बेरड, कैकाडी, रामोशी, वडार यांच्यासोबत बंजारा आहेत. वाशिमच्या वाचकानं इथे जरा थांबावं. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी म्हणजे बंजाऱ्यांची काशी. सेवालाल महाराजांच्या दर्शनाला देशभरातून तांडे येतात, रामनवमीला आमच्या जादा गाड्या सुटतात आणि पाय ठेवायला जागा नसते. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर नेणारे हे लोक. रेल्वे आली, लदेणीचा धंदा बसला, आणि फिरता व्यापारी सरकारी कागदावर संशयित झाला. त्याच समाजातले, इथून जवळच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ एवढा काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं, ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. आज तांड्यातली पोरगी पोलीस भरतीला निघालेली असते आणि तिच्या शेजारी बसलेली बाई पिशवी आवरत नाही.

मग बंजाऱ्यांचा शिक्का पुसट झाला आणि पारध्यांचा का राहिला? माझं उत्तर कडू आहे. बंजारे संख्येनं मोठे, त्यांच्याकडे मतं आहेत, आमदार आहेत, शिकलेल्या दोन-तीन पिढ्या आहेत. पारधी मूठभर, विखुरलेले. समाज शहाणा होऊन शिक्का काढत नाही. ज्याच्यावर मारलाय तो बळकट झाला की मग काढतो. दुबळा असेल तर आपल्याला घाई नसते.

यात आडनावांची गंमत बघा. गाडीतल्या सीटच्या आरक्षणाच्या तक्त्यावर 'पवार' असं नाव असतं. आमच्याकडे पवार मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, फासेपारध्यांत आहेत. त्यामुळे शेजारचा प्रवासी बसल्या बसल्या विचारतो, 'कोणते पवार?' म्हणजे कुठले, कोणाचे, कसले हे एका दमात. उत्तर मिळेपर्यंत तो माणूस नुसता पवार असतो. त्याच्याशी सोयाबीनच्या भावावर, पावसावर, पोराच्या ॲडमिशनवर छान बोलणं चाललेलं असतं. उत्तर मिळालं की आवाज बदलतो, कधी आदरानं, कधी तुटकपणे. समोरचा माणूस तोच, सीटही तीच. मी तिकीट फाडता फाडता हे ऐकते आणि मला त्या दोघांच्या मधे बसावंसं वाटतं.

हे सगळं पाकिटापुरतं राहतं असं नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं, भिक्षा मागायला आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर घरोघर पोचले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला एवढं निमित्त झालं. ती माणसं एसटीतून उतरली होती, असं बातम्यांत होतं. मी ते वाक्य परत परत वाचलं. कोणीतरी माझ्यासारख्याच बाईनं किंवा बाप्यानं त्यांना तिकीट दिलं असेल, सुटे पैसे परत केले असतील.

आणि चूक काही जमावच करतो असं नाही. २००३ मधल्या एका दरोडा-खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना नाशिकच्या सत्र न्यायालयानं २००६ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. फेरविचार होऊन त्याच सर्वोच्च न्यायालयानं ५ मार्च २०१९ रोजी सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारानं पोलिसांच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या दिशेनं तपासच झाला नव्हता. सहा जणांची सोळा वर्षं तुरुंगात गेली. सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. खरे गुन्हेगार मोकळे राहिले, हे त्या निकालातलं दुसरं दुःख. चुकीच्या माणसावर बोट ठेवलं की बरोबर माणूस सुटतो. ज्यांना न्यायबिय नको, फक्त सुरक्षितता हवी, त्यांनीही हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

खुद्द वाशिमवाल्यांच्या पाठीवरही लेबलं काही कमी नाहीत. २००६ मध्ये शेतकऱ्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं तेव्हा सहा 'आत्महत्याग्रस्त' जिल्ह्यांत आम्ही होतो. २०१८ मध्ये मागे पडलेल्या, म्हणजे सरकारी भाषेत 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी निघाली, त्यात महाराष्ट्राचे चार होते, त्यातही आम्ही. माझा भाचा पुण्यात खोली बघायला गेला तर घरमालकीण म्हणाली, 'वाशिम म्हणजे ते आत्महत्यावालं ना?' वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं गाव, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तरी भाडं कमी झालं नसतं. आणि बाई कंडक्टर? गाडी उशिरा आली तर 'बाई आहे ना गाडीवर', वेळेत आली तर ड्रायव्हर चांगला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून 'फुकट्या बाया' हा नवा शब्द गाडीत फिरतो. पंच्याहत्तरीपुढचे आजोबा पूर्ण फुकट बसतात, त्यांना असं कोणी म्हणत नाही, म्हणूही नये.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिच्या पुस्तकात हार्वर्डच्या गॉर्डन ऑलपोर्ट या प्राध्यापकाचं नाव सापडलं. त्यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन समाज नुसते शेजारी आले म्हणून मनं साफ होत नाहीत. दोघांचा दर्जा सारखा हवा, काम सामायिक हवं, ते एकमेकांवाचून अडणारं हवं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. मला पटलं. एसटीत सगळ्या जाती खांद्याला खांदा लावून रोज प्रवास करतात, पण ते काही मिळून काम करणं नव्हे. उतरलं की जो तो आपल्या वस्तीत.

ऑलपोर्टसाहेबांच्या अटी जिथे पुऱ्या होतात असं एक काम आमच्याच मुलखात चाललंय. फासेपारध्यांचा मूळ धंदा फास लावून तित्तर, लावे, ससे धरण्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा ठरला. कायदा योग्यच होता, पण पोटाला दुसरं काही न देता आला. तणमोर नावाचा एक पक्षी आहे, पावसाळ्यात त्याचा नर गवतातून सारख्या उंच उड्या मारतो. गवताळ रानं नांगरली गेली आणि तो नामशेष व्हायच्या कडेवर आला. तो कुठे उतरतो, कुठल्या गवतात अंडी घालतो, हे पारध्याला जेवढं कळतं तेवढं दुर्बीणवाल्या साहेबाला कळत नाही. कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या 'संवेदना' संस्थेनं अकोला-वाशिम भागातल्या पारध्यांना बरोबर घेऊन गवताळ रानं राखायचं काम उभं केलं. पक्षी धरणारी माणसंच पक्षी राखू लागली. इथे अभ्यासकाला पारध्याची गरज आहे आणि तो ती मोकळेपणानं कबूल करतो. संशय अशा ठिकाणी फार दिवस टिकत नाही.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी २०१२ मध्ये पारध्यांच्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा काढली. भोसले स्वतः फासेपारधी. जिल्हा परिषदेची मास्तरकी सोडून त्यांनी हे काम धरलं. समृद्धी महामार्गाच्या आखणीत शाळेचं ग्रंथालय आणि विहीर गेली, तरी शाळा चालू राहिली. रस्ता आमच्या जिल्ह्यातूनही जातो, गाड्या सुसाट पळतात. कधी तिकडून गेलात तर शाळा बघून या.

कागदही बदलतोय, हळूहळू. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगात जात बघून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, अमक्या जमातीचा म्हणून कोणाला सवयीचा गुन्हेगार समजू नका, असं सांगितलं. १८७१ च्या कायद्याची सावली २०२४ मधल्या तुरुंगाच्या नियमांत शिल्लक होती, हे त्यातून जगाला कळलं.

आमच्या गाडीत जातीचा रकाना नव्हताच. तिकीट मशिनला फक्त थांबा आणि सवलत कळते. बाकीचं प्रवाशांनी करायचं आहे. तुमचं पाकीट गेलं तर लगेच ओरडा, वाहकाला सांगा, दार बंद करायला लावा, ११२ ला फोन करा. कोण होतं असं विचारलं तर दिसलं तेवढंच सांगा. अंगावर काय होतं, उंची केवढी, कोणत्या सीटपाशी उभं होतं, कुठल्या फाट्यावर उतरलं. जात सांगू नका, ती तुम्ही पाहिलेली नसते. आणि झडती घ्यायची वेळ आली तर सगळ्यांची घ्यायला लावा, पहिली पिशवी स्वतःची उघडा.